रिकाम्या हाताचे दिवस

क्राइस्टचर्च
४ फेब्रुवारी १९८५

प्रिय उना,

नाताळच्या कार्डावर दोन ओळी खरडण्यापलीकडे मी तुला कित्येक वर्षांत काही लिहिलेलं नाही, हे मान्य. रागाव हवं तर, पण पत्र शेवटपर्यंत वाच. काल सकाळी तू माझ्या जेवणाच्या टेबलावर आलीस. म्हणजे तुझं अक्षर आलं! चार खोकी भरून.

झालं असं. एकतीस वर्षं पोरांना गणित शिकवून निवृत्त झाले आणि घरी बसवेना, म्हणून आठवड्यातून दोन दिवस मी जंगल खात्याच्या ऑफिसात आकडेमोडीला जाते. जानेवारीत प्लम काढायला शिडीवर चढले आणि शिडीसकट खाली आले. डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. ऑफिसनं दया दाखवून काम घरी पाठवलं. पहिलं खोकं उघडलं, तर वर लिहिलेलं : ‘डनमोर शिकारी क्लब, काहू नदीचं खोरं, १९७४ ते १९८४’. आणि आत पानोपानी कॉन्व्हेंटातल्या सिस्टर कजेटननं पट्टी मारून मारून शिकवलेलं ते उजवीकडे कललेलं अक्षर. जगात असं लिहिणाऱ्या आता दोघीच उरल्या असतील, आणि दुसरी मी आहे. मी एकटीच घरात ओरडले, “अगं, ही तर उना टोहिल!” मांजर पळून गेलं.

तू क्लबची चिटणीस आहेस हे मला ठाऊकच नव्हतं. अकरा माणसं, अकरा वर्षं. प्रत्येकाच्या डायरीत तारीख, जागा, हरीण मिळालं की नाही. उना, तुला कल्पना नाही हे काय घबाड आहे! जंगलातली हरणं कुणाला मोजता येत नाहीत. पण हरणांमागे गेलेली माणसं मोजता येतात. एका हरणामागे पूर्वी चार दिवस चालावं लागत असेल आणि आता वीस दिवस लागत असतील, तर हरणं कमी झाली. इतकं सोपं. तिसरीतल्या पोरालाही कळेल.

आता वाईट बातमी. काहूचं खोरं सरकारनं पायी शिकार करणाऱ्यांसाठी राखून ठेवलं ते एका अटीवर, की तुम्ही हरणं आटोक्यात ठेवाल आणि खालची कोवळी झाडं पुन्हा उगवतील. तसं झालं नाही तर हेलिकॉप्टरं येणार. माझे साहेब, मिस्टर प्राऊस, म्हणतात की झालेलं नाही. सव्वीस मार्चला ते तुमच्या डनमोरच्या सभागृहात सुनावणी घेणार आणि तिथे काही वेगळं निघालं नाही, तर एक एप्रिलपासून वरून गोळीबार. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांच्यासमोर आकडेच तसे आहेत.

दोन गोष्टी मला समजत नाहीत. पहिली : तुमचा एकही माणूस कधी रिकाम्या हाती परत येत नाही. गेला की हरीण, गेला की हरीण! अकरा वर्षं तेच. प्राऊससाहेब म्हणतात, “इतकी हरणं की नेम चुकवायलाच कष्ट पडत असतील.” दुसरी : सगळी शिकार काहूच्या एकाच फाट्यावर, मलिगनच्या खोऱ्यात. दुसऱ्या फाट्यावर, डाव्या खोऱ्यात, अकरा वर्षांत कुणी पाऊल टाकलेलं नाही. म्हणून साहेबांचा तर्क असा की ते खोरं हरणांनी तुडुंब भरलेलं असणार.

खरंच कुणी जात नाही का गं तिकडे?

तुझी,
नायरी


डनमोर, वेस्ट कोस्ट
११ फेब्रुवारी १९८५

प्रिय नायरी,

तुझं पत्र पोस्टातच उभ्याउभ्या वाचलं आणि पावसात भिजत घरी आले, छत्री काउंटरवर विसरून. पायाची काळजी घे. तू लहानपणीही कॉन्व्हेंटच्या भिंतीवरच्या प्लमसाठी पडली होतीस आणि सिस्टर कजेटननं तुला मलम लावता लावता कान पिळला होता, आठवतं? मी खाली झगा पसरून उभी होते. प्लम झेलले, तू सुटलीस.

मी चिटणीस आहे, पण सभासद नाही. क्लबात बायकांना घेत नाहीत. चिटणीस म्हणजे सभेचा चहा, खायला स्कोन आणि लिहिणं. ही माणसं डोंगरातून उतरली की कुणी सिगारेटच्या पाकिटावर, कुणी बिस्किटाच्या पुठ्ठ्यावर खरडलेलं माझ्या हातात कोंबतात आणि मी ते डायऱ्यांत नीट उतरवते. म्हणून सगळीकडे माझं अक्षर.

कॉनला तुझं पत्र वाचून दाखवलं. माझा भाऊ तुला आठवत असेलच, चर्चमध्ये मिस्साच्या वेळी खिशात बेडूक घेऊन बसणारा. आता बहात्तरीला आलाय. हेलिकॉप्टरचं ऐकून त्यानं चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, “मग संपलंच.” एवढंच. तुला आठवत असेल, सत्तरच्या सुमाराला ती यंत्रं शेजारच्या खोऱ्यांत आली होती. दिवसभर घरघर. नंतर तीन-चार वर्षं शरद ऋतूत, हरणांच्या माजाच्या दिवसांत, एका नराचं डुरकणं ऐकू आलं नाही. कॉन दर एप्रिलला पहाटे दारात उभा राहून कान लावायचा. आमच्याकडे एप्रिल म्हणजे काय ते तुला माहीत आहे. बाकी गाव ईस्टर पाळतं, टोहिलांच्या घरी नर डुरकले की सण.

आता तुझे प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर आधी देते. अगं, शिकाऱ्यानं जागा लिहिली म्हणजे ती खरी, असं कुठल्या गणितात शिकवतात? इथे माणूस एक वेळ बायकोचं वय सांगेल, पण जागा सांगणार नाही. मलिगनचं खोरं रस्त्याला लागून आहे, नाव सगळ्यांना ठाऊक. विचारलं कुठे गेला होतास, तर मलिगन. मी आपली मुकाट्यानं लिहिते. कोण खरंच कुठे जातो ते मला माहीत नाही. एकमेकांनाही माहीत नाही.

पण माझ्या डोक्यात एक कल्पना आहे. थोडा वेळ दे.

तुझी,
उना


डनमोर
२५ फेब्रुवारी १९८५

प्रिय नायरी,

सोबत अकरा बंद पाकिटं आहेत. मी एकही उघडलेलं नाही, मेणाची मोहोर बघून घे. कशी मिळवली ते ऐक.

गुरुवारी क्लबची सभा होती. तुझं पत्र मी वाचून दाखवलं (बेडकाच्या ओळी तुझ्या पत्रात नव्हत्या, म्हणून बरं!). अध्यक्ष बर्ट स्लोन, तो लाकूड गिरणीवाला, लाल झाला. “क्राइस्टचर्चच्या बाईला म्हणावं, इकडे ये आणि स्वतः बघ.”

“तिचा पाय मोडलाय, बर्ट.”

“मग डोकं तरी चालव म्हणावं.”

“तेच चालवतेय. म्हणून तर तुमचं खोटं सापडलं.”

किटली मी चुलीवरून उतरवली. मी म्हटलं, ज्याला त्याला मी एक नकाशा देते. आपण खरोखर जिथे जातो तिथे फुली मारायची, पाकीट बंद करायचं आणि माझ्याकडे द्यायचं. मी उघडणार नाही, क्लबात कुणाला दिसणार नाही. जिला दिसणार ती पाय मोडून दीडशे मैलांवर बसली आहे आणि तिला बंदूक कुठून धरायची तेही कळत नाही.

“म्हणजे पापनिवेदन म्हण की,” विल्फ हॅनराहन म्हणाला. तो आमचा टपालवाला.

“तसंच समज. फक्त प्रायश्चित्त नाही.”

“आणि त्या बाईनं कुणाला सांगितलं तर?”

“विल्फ, ती माझ्याबरोबर नऊ वर्षं कॉन्व्हेंटात होती. वेदीवरची द्राक्षाची दारू कुणी संपवली ते तिनं अजून सांगितलेलं नाही.”

मग काय मजा, नायरी! अकरा म्हातारे-अर्धम्हातारे बाप्ये, प्रत्येक जण सभागृहाच्या वेगळ्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, हाताचा आडोसा करून फुली मारतायत. थेट परीक्षेचा वर्ग. बर्ट तर नकाशा घेऊन कोटांच्या खोलीत गेला आणि आतून कडी लावली. कॉननं माझ्या खांद्यावर नकाशा ठेवून फुली मारली आणि म्हणाला, “बघू नकोस.” मी बघितलं नाही.

लवकर उघड आणि लवकर कळव. मला झोप नाही.

उना


क्राइस्टचर्च
१ मार्च १९८५

उना, उना, उना!

मी हसून हसून खुर्चीतून घसरले आणि प्लास्टरला तडा गेला. डॉक्टर रागावलेत. मी वचन पाळणारी आहे, तेव्हा कुणी कुठे फुली मारली ते सांगणार नाही. पण एक सांगितलं तर वचन मोडणार नाही, कारण त्यात कुणाचंच नाव फोडावं लागत नाही. अकरापैकी अकरा फुल्या डाव्या खोऱ्यात आहेत! अकराही! तेही वरच्या टोकाला, दरड कोसळलेल्या त्या पडझडीच्या पलीकडे, एका बशीत मावतील इतक्या जवळ. अकरा वर्षं प्रत्येकाला वाटतंय की ही जागा फक्त मला ठाऊक आहे. ही माणसं एकमेकांना भेटत कशी नाहीत गं? झाडामागे लपतात का?

म्हणजे ज्या खोऱ्यात कुणी जात नाही म्हणून साहेब हेलिकॉप्टरं पाठवणार, तिथेच सगळे जातात. आणि खात्याची झाडं मोजणारी पोरं गेली मलिगनमध्ये, कारण डायऱ्यांत तेच नाव. डावं खोरं कुणी पाहिलेलंच नाही. मी प्राऊससाहेबांना फोन केला. त्यांनी सगळं दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, “मिसेस ब्लॅकमोर, हे खरं असेल तर माझा अर्धा अहवाल चुलीत घालावा लागेल.” मी म्हटलं, काडी मी देते.

पण उरलेला अर्धा, उना. तो अवघड आहे. तिथे हरणं कमी झाली हे कशावरून? तुझ्या लोकांच्या डायऱ्यांत गेले की मिळतंच. मी गणितवाली आहे, मला अशी माणसं माहीत आहेत. परीक्षेत पास झालेल्याच वर्षांचे निकाल घरी दाखवणारी. रिकाम्या हाती आलेला दिवस ते लिहीत नाहीत, लाज वाटते. आणि मला नेमके तेच दिवस हवेत! मिळालेलं हरीण मला फार काही सांगत नाही. न मिळालेलं सगळं सांगतं.

आणि आता खरी गंमत. एकाच डायरीत ते आहे. कॉनच्या. १९७९ पर्यंत तो बाकीच्यांसारखाच : तारीख, मलिगन, एक नर. आणि एकोणऐंशीच्या एप्रिलपासून एकदम माणूसच बदलला. गेलेला प्रत्येक दिवस लिहिलाय. ऐक : ‘दोनपर्यंत पाऊस. रिमूच्या झाडावर काका जातीच्या पोपटांची जोडी भांडत होती. ताजा माग नाही. काही न दिसता परतले, तरी दिवस वाया गेला असं वाटलं नाही.’ बेडूकवाल्या कॉननं हे लिहिलं! माझे डोळे भरून आले. मी सगळे दिवस मांडले : एकोणऐंशीत एक्केचाळीस दिवसांत आठ हरणं. मग सात, पाच, चार, तीन. आणि गेल्या वर्षी चव्वेचाळीस दिवसांत दोन. पाच दिवसांना एक होतं, ते बावीस दिवसांना एक झालं. उना, हरणं कमी झाली आहेत. तुमच्या लोकांनी पायी चालून करून दाखवलंय!

साहेब म्हणतात, एका माणसाची डायरी पुरेशी आहे, पण तो माणूस समोर उभा राहून प्रश्नांना उत्तरं देऊ शकला पाहिजे. सव्वीस तारखेला कॉनला साक्षीला उभं कर. तो खोरं वाचवणार आहे!

तुझी आनंदानं वेडी झालेली,
नायरी


डनमोर
७ मार्च १९८५

प्रिय नायरी,

फुल्यांचं वाचून मीसुद्धा हसले. क्लबाला अजून सांगितलेलं नाही. ते सुनावणीतच कळू दे, नाहीतर आधी मारामाऱ्या होतील.

कॉनचं मात्र जमेल असं वाटत नाही. त्याला हल्ली कमी ऐकू येतं. शिवाय चार माणसांत बोलायला तो घाबरतो. खोकलाही झालाय. तू डायरी दाखवलीस तर पुरे नाही का? आकडे काही माणसागणिक बदलत नाहीत.

या वर्षी ब्लॅकबेरी भरपूर आल्या. तुझ्यासाठी जॅमची बाटली बाजूला ठेवली आहे. प्लास्टर कधी काढणार?

तुझी,
उना


क्राइस्टचर्च
१२ मार्च १९८५

प्रिय उना,

जॅमबद्दल आभार. आता ताकाला आलीयस तर भांडं लपवू नकोस. गेल्या पत्रात तू अस्वस्थ होतीस, झोप नव्हती, आणि या पत्रात खोकला आणि ब्लॅकबेरी?

कॉनला ऐकू कमी येतं, आणि डायरीत मात्र दोन मैलांवरचा नर ऐकू येतो? साहेब त्याला एवढंच विचारणार : वाट कुठून जाते, झाडं कुठे उगवली आहेत, दिवस कसे मोजले. ज्यानं हे पाहिलंय त्याला दहा मिनिटांचं काम आहे. आणि तो आला नाही, तर साहेब डायरी बाजूला ठेवणार. तसं ते मला सरळ बोललेत. मग एक एप्रिलला घरघर. सुनावणीला चौदा दिवस उरले आहेत, उना.

काय लपवतेयस? मी तीच आहे. झगा पसरून उभी होतीस ना माझ्यासाठी? आता माझी पाळी.

नायरी


डनमोर
१६ मार्च १९८५

प्रिय नायरी,

तीन वेळा लिहिलं आणि चुलीत टाकलं. हे चौथं.

डायरी कॉनची नाही. एकोणऐंशीच्या एप्रिलपासून माझी आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये लाकडाची रास त्याच्या गुडघ्यावर आली. हाड जुळलं, पण डोंगर संपला. डुरकीचे दिवस आले, तसा तो सकाळी खिडकीत बसायचा, बूट घालून. कुठेही जायचं नसताना बूट घालून! तीन दिवस मी पाहिलं. चौथ्या दिवशी त्याची बंदूक खुंटीवरून काढली, मटणाची सँडविचं बांधली आणि निघाले. लहानपणी बाबांनी आम्हा दोघांना नेम शिकवला होता, पण डोंगरात नेलं ते त्याला. तो म्हणाला, “कुठे?” मी म्हटलं, “तू सांग कुठे.” त्यानं टेबलावर मीठ सांडून, त्यात बोटानं वाट काढून दाखवली. डाव्या खोऱ्याची. माझ्याआधी ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती.

पहिल्या दिवशी मी रिकामी आले. नदीत घसरून पडलेलीही होते. पण त्यानं सगळं विचारून घेतलं : वारा कुठून होता, माग किती जुना, पडझडीपाशी काय उगवलंय. जेवण गार झालं तरी विचारत होता. तेव्हा कळलं की त्याला हरीण नकोय, दिवस हवाय. म्हणून मी सगळे दिवस लिहायला लागले, रिकामे तर जास्तच नीट. आणि जागेच्या रकान्यात मात्र मलिगन, कारण तो म्हणाला, “जागा लिहिलीस तर घरात घेणार नाही.”

गाव समजतं की मी आठवड्यातून दोनदा वरच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या मिसेस क्विलनला बघायला जाते. जातेही, वाटेत आहे. एकोणतीस हरणं, नायरी. प्रत्येकाचे मागचे दोन पाय पाठीवर बांधून चार तास डोंगर उतरायचा. सदुसष्ट वर्षांच्या कुमारिकेनं! पहिल्या हरणाजवळ बसून मी रडले आणि एक आख्खी जपमाळ म्हटली. नंतर रडले नाही, जपमाळ मात्र म्हणते.

उभी राहिले तर काय होईल ते सांगते. क्लबचा नियम आहे की तीन हंगाम डोंगरात न गेलेल्याचं नाव काढतात. कॉनचं नाव बाबांच्या नावाखाली आहे, क्लबच्या फळ्यावर, सोनेरी अक्षरात. तेवढंच त्याच्याकडे उरलंय. आणि नाही उभी राहिले, तर खोरं जातं. खोरं गेलं, तर तो कान लावून कशासाठी उभा राहील?

तू म्हणशील ते करीन, असं लिहिणार होते. पण लिहिता लिहिताच कळलं, मला माहीत आहे.

उना


क्राइस्टचर्च
१९ मार्च १९८५

उना,

तिसऱ्या वाचनानंतरही मी टेबलावर हात आपटतेच आहे. सहा वर्षं! एकोणतीस! आणि मी मूर्ख कॉनचं कौतुक करत बसले. ‘परतले’ असं लिहिलंयस गं तू, ‘परतलो’ नाही, आणि ते वाचूनही मला वाटलं की चिटणीसबाईंची घाईत चूक झाली. एकतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासून हे डोळे!

साहेबांना मी फक्त एवढं कळवलंय : साक्षीदार येईल. नाव तूच सांग.

आधी कॉनला सांग. सभागृहात पहिल्यांदा ऐकायला लावू नकोस.

आणि ताठ उभी राहा. सिस्टर कजेटन म्हणायच्या तशी, हनुवटी वर.

नायरी


डनमोर
२७ मार्च १९८५

माझ्या लाडक्या नायरी,

क्रमानं सांगते, नाहीतर सगळं एकदमच सांडेल.

काल सकाळी कॉन लापशी खात होता, तेव्हा सांगितलं. त्यानं वाटी संपवली, चमचा चाटला, म्हणाला, “तू आंघोळीला गेलीस की मी फळा पुसून येऊ का, म्हणजे त्यांचा त्रास वाचेल?” मला कळेना तो चिडलाय की थट्टा करतोय. मग तो उठला आणि बूट घालायला लागला.

सभागृह भरलेलं. तुझे प्राऊससाहेब उंच, सर्दी झालेले. त्यांनी आधी नकाशा भिंतीवर लावला आणि नावं न सांगता अकरा लाल टाचण्या टोचल्या. नायरी, ती तोंडं तू बघायला हवी होतीस! पहिल्या टाचणीला बर्ट दचकला. दुसरीला विल्फ उठून उभा राहिला. पाचवीनंतर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“तो तंबाखूचा वास तुझा होता!” विल्फ बर्टवर ओरडला. “सहा वर्षं मी त्याला भूत समजत होतो!”

“आणि माझं सरपण कोण जाळत होतं मग?”

“ते तुझं होतं? मला वाटलं सरकारी!”

साहेबांना टेबल वाजवावं लागलं. मग ते म्हणाले, डायऱ्या सांगतात की इथून कुणी कधी रिकाम्या हाती येत नाही. एक डायरी वेगळी आहे. तिच्याबद्दल कोण बोलणार?

मी उभी राहिले.

बर्ट म्हणाला, “उना, चहा नंतर.”

“चहा नाही देत, बर्ट. साक्ष देतेय.”

कुणीतरी हसलं. साहेब कागद बघून म्हणाले, “पण डायरीवर कॉन टोहिल हे नाव आहे.” मी तोंड उघडणार, इतक्यात मागून काठीचा आवाज आला. कॉन उभा होता.

“नाव माझं आहे, साहेब. पाय तिचे. सहा वर्षं मी डोंगर बघितलेला नाही. नेम तिचा, दिवस तिचे. हवं तर माझं नाव फळ्यावरून काढा, पण तिला विचारायचं ते विचारा.” आणि खाली बसला.

साहेबांनी विचारलं आणि मी सांगितलं. पडझडीच्या पलीकडे रुंदपानी झाडांची रोपं पहिल्या वर्षी घोट्याएवढीही नव्हती, कुरतडलेली. आता कमरेला लागतात. कुठल्या खडकापासून माग दिसेनासे झाले. कुठल्या महिन्यात मादी पिलासकट दिसली. सव्वीस मिनिटं बोलले, विल्फनं घड्याळ लावलं होतं. पण शेवटी साहेब नाक पुसून म्हणाले, “मिस टोहिल, माझा विश्वास बसतो. पण बाकीचे दहा जण म्हणतात की रोज मिळतं.”

कॉन बसल्या बसल्या म्हणाला, “बर्ट. गेल्या वर्षी किती दिवस रिकामा आलास?”

बर्ट टोपी फिरवत राहिला. “असतील... थोडे.”

“थोडे?”

“सदतीस,” बर्ट म्हणाला. असं पुटपुटला, जणू चोरी कबूल करतोय.

तेवढ्यात विल्फ म्हणाला, “सदतीसच? माझे बेचाळीस!”

“बेचाळीस काय सांगतोस, मी सबंध हंगामात शेपटी बघितली नाही!”

“मी तर दोन वर्षांत एकदाच बार उडवला, तोही ओंडक्यावर!”

आणि मग नायरी, अकरा वर्षं हरणांच्या बढाया मारणारी ती माणसं रिकाम्या दिवसांच्या बढाया मारायला लागली! एकावर एक ओरडतायत, साहेब घाईघाईनं लिहितायत, “हळू, हळू, नावं सांगा!” सिगारेटच्या पाकिटांवर खुणा होत्याच, बऱ्याच जणांनी ती टाकलेली नाहीत. बर्टनं तर बायकोला घरी पिटाळलं, खोकं आणायला.

निकाल : दोन वर्षं हेलिकॉप्टरं नाहीत. जूनमध्ये खात्याची पोरं डाव्या खोऱ्यात झाडं मोजायला येतील. अट एवढीच की प्रत्येकानं खरी जागा आणि प्रत्येक दिवस लिहायचा.

नंतर बर्ट माझ्याकडे आला. म्हणाला, फळ्यावरून नाव काढायचा नियम आहे, पण घालायचा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, तेव्हा तुझं कुठे घालू? मी म्हटलं, कॉनच्या खाली. आणि त्याच्या नावाला हात लावलास तर चहा विसर.

तू नव्हतीस, तरी सगळा वेळ माझ्या शेजारी होतीस.

तुझी,
उना


डाव्या खोऱ्यातली झोपडी
९ एप्रिल १९८५

प्रिय नायरी,

हे पत्र विल्फ खाली नेईल. टपालवाला बरोबर असण्याचा एवढा तरी फायदा.

झोपायला सहा बाकडी आणि आम्ही नऊ जण! आता जागा लपवायची नाही म्हटल्यावर सगळे उजळ माथ्यानं एकाच दिवशी इथेच आले. चुलीवर नऊ किटल्या. सरपणावरून भांडण. बर्ट आणि विल्फ एकमेकांना आपापल्या लपायच्या जागा दाखवत हिंडतात आणि मोठमोठ्यानं हसतात. दहा मैलांत एक हरीण थांबेल तर शपथ! चार दिवस, नऊ माणसं, छत्तीस दिवस आणि शून्य हरणं. सगळं लिहिलंय, नीट, प्रत्येकाच्या नावापुढे. साहेबांना सांग, असे आकडे त्यांना कुठे मिळणार नाहीत.

मला चुलीजवळचं बाकडं दिलंय. पहिल्या दिवशीच माझी पिशवी तिथे ठेवलेली दिसली. कॉनला बर्टनं त्याच्या ट्रॅक्टरवर घालून झुलत्या पुलापर्यंत आणलं होतं. तो तिथे बसून राहिला दिवसभर, जर्सीची कॉलर वर करून. संध्याकाळी मी खाली गेले तर म्हणाला, “एक तरी ऐकू आला का?” मी म्हटलं नाही. तो म्हणाला, “येईल. एवढा गोंधळ घातल्यावर ते जातील कुठे तेवढं बघ.”

तर मी बघितलं. आज पहाटे सगळे घोरत असताना एकटीच निघाले. तीन तास चढले, एका खिंडीपर्यंत. धुकं होतं, हात भिजून गार. आणि खालून, अगदी जवळून, डुरकणं आलं. मग दुसरं, त्याला उत्तर देणारं. नायरी, छातीत असं घुमलं की मी खडकाला धरून बसले. दोन नर! मी बार काढला नाही. उद्या कॉनला सांगायचंय म्हणून नुसती ऐकत राहिले, वारा कुठून, आवाज किती जाड, मध्ये किती वेळ थांबले.

परत आले तेव्हा विल्फ बेकन तळत होता. “कुठे होतीस?” म्हणाला.

“पाय मोकळे करायला.”

“काही दिसलं?”

“धुकं.”

आता तू विचारशील की कुठली खिंड. तुलासुद्धा सांगणार नाही! हंगाम संपला की डायरीत खरं लिहीन. शपथ.

तुझी,
उना